एक ना धड, भाराभर संघ

एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराखाली, एक हॉकीभक्त राहतो असे या सदरापुरते मानून चालावे. मतदार यादीत तो सापडणार नाही. पण या डोंगराबद्दल याहून मोठमोठ्या गोष्टी मानून चालायची महाराष्ट्राला सवय आहे, तेव्हा एका माणसाने बिघडत नाही.

‘तुही टीम कोनती बे?’ असे त्याला कुणी विचारले की तो एका दमात आठ नावे घेतो. त्यांतले पाच संघ अस्तित्वात नाहीत. मराठा वॉरियर्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स, मुंबई मॅजिशियन्स, दबंग मुंबई हे कैलासवासी. आणि कलिंगा लान्सर्स, हैदराबाद तुफान्स, सूरमा हे हयात. निळा शर्ट घालून मुंबई इंडियन्सचा जयघोष करणारी मंडळी यावर हसतात. निष्ठा एकावरच असावी, असे त्यांचे म्हणणे. भक्ताचे उत्तर तयार असते: एकनिष्ठ राहायला समोरचा एक तरी टिकायला हवा.

शिवाय तो गडचिरोली जिल्ह्यातला. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. एकाच रात्री एकाच गावात दोन-दोन मंडप पडतात आणि माणूस पहिला अंक इथे, तिसरा तिथे पाहून पहाटे घरी परततो. ‘तू कोणत्या कंपनीचा?’ असे त्याला कुणी दरडावत नाही. खेळ रंगला की नाही, एवढेच विचारतात. हॉकीच्या बाबतीतही भक्ताने तोच शिरस्ता ठेवला. फरक इतकाच, की झाडीपट्टीतल्या कंपन्या पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

प्रकरण सुरू होते २००५ मध्ये. आयपीएल जन्माला यायला अजून तीन वर्षे होती, तेव्हा हॉकीने शहरा-प्रांतांच्या नावांचे संघ करून प्रीमियर हॉकी लीग भरवली होती. दोन सत्रांचा सामना मोडून चार भागांत वाटला; पुढे जगभरची हॉकी चार भागांतच खेळू लागली, पण त्याबद्दल आपल्याकडे कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला मराठा वॉरियर्स आले आणि त्यांच्यात धनराज पिल्ले. खडकीचा धनराज: चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर त्याच्यासह अनेकांना संघाबाहेर बसवण्यात आले. जिंकून आलेल्या कर्णधाराला घरी पाठवणाऱ्या खेळात प्रेक्षकाकडून निष्ठेची अपेक्षा धरायची म्हणजे कमाल आहे.

२००८ मध्ये ती लीग आटोपली. त्याच वर्षी आयपीएल सुरू झाली. त्याच वर्षी भारतीय पुरुष संघ १९२८ नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकला मुकला. भक्ताने तिन्ही धक्के एकाच वर्षात पचवले. त्याचे पोट तेव्हापासून घट्ट झाले असावे.

नंतर २०१२. भारतीय हॉकी महासंघ आणि हॉकी इंडिया या दोन संघटना ‘घर माझेच’ म्हणून भांडत होत्या. महासंघाने एका कंपनीच्या साथीने वर्ल्ड सिरीज हॉकी काढली; हॉकी इंडियाने तिला मान्यता नाकारली. म्हणजे भक्ताने आधी संघटना निवडायची, मग लीग, आणि जीव उरला तर संघ. महाराष्ट्राला मात्र एकदम दोन संघ मिळाले, पुणे आणि मुंबई. पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. धनराज वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मैदानात उतरला, तो कर्नाटक लायन्सकडून! सीमाप्रश्नावर एरवी एसटीच्या काचा फुटतात. खडकीचा माणूस सरळ कर्नाटकात गेला तरी कुणाचा आवाज निघाला नाही. सगळ्यांचे लक्ष क्रिकेटकडे होते, हे एक बरे झाले. त्याआधीही धनराज लियोंला खेळला, स्टुटगार्टला खेळला, लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून आणि मलेशियातल्या संघांकडून खेळला. खेळाडूने संघ बदलला की तो व्यावसायिक. प्रेक्षकाने बदलला की बेइमान. हा न्याय कुणी ठरवला? असो. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही.

२०१३ मध्ये हॉकी इंडियाने स्वतःची लीग काढली. मुंबई मॅजिशियन्सच्या प्रशिक्षकपदी साक्षात रिक चार्ल्सवर्थ होते. पण हंगामाच्या तोंडावर सीमेवरचे वातावरण तापले, मुंबईत निदर्शने झाली आणि लीगमधल्या नऊही पाकिस्तानी खेळाडूंना परत जावे लागले. मुंबईचे चौघे त्यांत होते. दोन हंगामांत मॅजिशियन्स स्वतःच गायब झाले. नावाला जागणारा असा संघ विरळा. २०१५ मध्ये दबंग मुंबई आली, २०१७ मध्ये अंतिम सामन्यात पोचली, कलिंगा लान्सर्सकडून ४-१ ने हरली, आणि त्यानंतर सगळी लीगच सात वर्षे झोपली. भक्ताचा असा समज झाला आहे, की मुंबई जिंकायच्या जवळपास आली की वर कुणीतरी वीज तोडते. हा समज खोडून काढण्याइतका पुरावा सध्या तरी कुणाजवळ नाही.

लीग सोडून राष्ट्रीय स्पर्धेकडे वळावे तर तिथे गुंता आणखी वाढतो. राष्ट्रीय हॉकी स्पर्धेत या एका राज्यातून अनेक वर्षे तीन संघ उतरत: महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ. क्रिकेटमध्ये आजही तसेच आहे. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांना जे विधानसभेत मिळाले नाही, ते मैदानावर केव्हाच मिळून चुकले. आता सूरजागडच्या माणसाने कोणता झेंडा धरावा? भूगोलाने तो विदर्भाचा, सातबाऱ्याने महाराष्ट्राचा, आणि डोंगराचे निर्णय होतात मुंबईत. त्याने तिघांनाही टाळ्या वाजवल्या तर त्याला चंचल म्हणायचे की आज्ञाधारक?

इथवरची कहाणी कोणत्याही मराठी हॉकीप्रेमीची झाली. सूरजागडवाल्याची तक्रार याहून जुनी आहे, आणि ती लोखंडाशी जोडलेली आहे.

नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे, असे त्यात म्हटले होते. गडचिरोली तेव्हा चांद्यातच. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ, दोराबजी टाटा आणि त्यांचे आतेभाऊ शापूरजी सकलातवाला चांद्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. लोखंड होते, पण वरोऱ्याच्या कोळशात भट्टीला लागणारा दम नव्हता. मंडळी निघून गेली. दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात एका नकाशावर दुर्गकडचे लोखंड दिसले, पुढे मयूरभंजचे सापडले, आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. (सकलातवाला पुढे ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले. चांद्याच्या जंगलात फिरून लाल झालेले ते पहिले असतील, शेवटचे नव्हेत.)

यात हॉकी कुठून आली? जमशेटजींनी १९०२ मध्ये दोराबजींना पत्र लिहून पोलादनगरी कशी असावी ते कळवले होते. सावली देणाऱ्या झाडांचे रुंद रस्ते असावेत, आणि फुटबॉल, हॉकी व बागा यांसाठी मोठमोठ्या जागा राखून ठेवाव्यात. कारखान्याची जागाही ठरलेली नव्हती आणि हॉकीचे मैदान ठरले होते! वरोऱ्याचा कोळसा जरा बरा निघता तर ते मैदान चांदा जिल्ह्यात झाले असते. भक्त आजही वरोऱ्यावरून जाताना खिडकीबाहेर पाहत नाही.

लोखंड जिथे निघाले तिथे हॉकी उगवली, हे मात्र खरे. १९२८ च्या पहिल्या सुवर्णपदकाचा कर्णधार जयपाल सिंह हा छोटा नागपूरचा मुंडा आदिवासी. हॉकी इंडियाचे आजचे अध्यक्ष दिलीप तिर्की सुंदरगढ जिल्ह्यातले. महिला संघाची कर्णधार सलीमा टेटे सिमडेग्याची. त्या भागात गावोगावच्या स्पर्धांत जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो आणि पोरे बांबूच्या काठीने खेळून तयार होतात. बांबूचेच म्हणाल तर एटापल्लीत काय कमी आहे? पण तो कायद्याच्या पुस्तकात २०१७ पर्यंत ‘झाड’ होता. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळायला २०११ उजाडले आणि ते द्यायला दिल्लीहून मंत्री आले. अशा मुलखात पोराने हॉकीसाठी काठी तोडायची, तर पेनल्टी कॉर्नरआधी वनगुन्ह्याची तारीख लागायची.

राउरकेल्यात पश्चिम जर्मनीच्या मदतीने १९५९ मध्ये पोलादाची भट्टी पेटली. २०२३ मध्ये त्याच गावात वीस हजारांवर प्रेक्षकांचे बिरसा मुंडा हॉकी स्टेडियम उभे राहिले आणि विश्वचषकाचे सामने झाले. चषक कुणी नेला? जर्मनीने. भट्टीचे बिल त्यांनी असे उशिरा वसूल केले.

बिरसा मुंडांचे नाव गडचिरोलीतही आहे. जिल्हा पोलीस त्यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा घेतात आणि वीर बाबुराव शेडमाकेंच्या नावाने कबड्डी. पोरे हिरिरीने खेळतात, यात खोट काढायची नाही. फक्त हॉकीच्या नावाने कुणाला हुतात्मा सापडला नाही. शाळेत गुरुजी मात्र ‘आपला राष्ट्रीय खेळ हॉकी’ असे पाठ करून घेत आले. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीचा अधिकार वापरला, तेव्हा सरकारने कळवले की असा कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर झालेला नाही. भक्ताचा खेळ ना गावाचा, ना देशाचा. उरला तो टीव्हीचा.

डोंगराचे मात्र उत्तम चालले आहे. लोहखनिजाचा ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी कित्येक वाहने जाळली, आणि २०२१ पासून काम जोरात सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली आणि पुढे २ कोटी ६० लाखांच्या गोष्टी सुरू झाल्या. जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, तेव्हा माडिया माणसे त्याच डोंगराला नमस्कार करायला येतात. त्यांची निष्ठा एकाच ठिकाणी आहे, पण ती कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. मुख्यमंत्री स्वतः जिल्ह्याचे पालकमंत्री आहेत आणि गडचिरोली हा राज्याचा शेवटचा नव्हे तर पहिला जिल्हा, असे सांगतात. आलापल्लीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकमागे अडकलेल्या माणसालाही, आपण रांगेत पहिले आहोत असे वाटून घ्यायला हरकत नाही.

२८ डिसेंबर २०२४ रोजी लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ. बंगाल, दिल्ली, हैदराबाद, कलिंग, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, पंजाब-हरियाणा, विशाखापट्टणम. महाराष्ट्र नाही. जिथे आगा खान चषक १८९६ पासून खेळला गेला, त्या मुंबईलाही संघ नाही. भक्ताने मग सूरजागडहून अंतर मोजले. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, म्हणून तुफान्स. लोखंड सारखे आणि मालक वेदान्त खाणवाले, म्हणून लान्सर्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुफान्स अंतिम सामन्यात बंगालकडून ४-३ ने हरले आणि त्याला एकदम घरच्यासारखे वाटले.

तिसरा संघ सूरमा; हा निव्वळ गुंतवणुकीचा भाग. पंजाब-हरियाणाच्या या क्लबचे मालक जेएसडब्ल्यू, आणि जेएसडब्ल्यूचे सज्जन जिंदाल यांनी त्याच महिन्यात नागपुरात गडचिरोलीसाठी अडीच कोटी टनांचा पोलाद कारखाना जाहीर केला. खनिज इकडे, संघ तिकडे. यातले अंतर कमी व्हावे म्हणून भक्त एक अर्ज लिहितो आहे. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, म्हणजे जेमतेम अर्धा हेक्टर. सोबत जमशेटजींच्या पत्राचा संदर्भ. डोंगराळ तालुक्यात एवढी सपाट जागा आणायची कुठून, हा प्रश्न त्याला आधी सतावत होता. पण खाणीचा वेग पाहता तीही अडचण फार दिवस राहील असे दिसत नाही.