अधिसूचनेची लवचिकता

लवचिकतेचा धडा आला की अर्थशास्त्राचं क्रमिक पुस्तक विद्यार्थ्यांपुढे चहा आणि कॉफी ठेवतं. चहा महागला की लोक कॉफीकडे वळतात, पगार वाढला की दोन्ही जास्त पितात, आणि भाव चढला की मळेवाला जास्त पत्ती बाजारात आणतो. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये रूढ केलेल्या या कल्पनेत विचारायचं एवढंच, की एक गोष्ट एका टक्क्याने हलली तर दुसरी किती टक्क्यांनी हलते. धडा निर्दोष आहे, उदाहरण तेवढं चुकलं. आपल्याकडे तो कांद्यावर शिकवायला हवा. उत्पन्न लवचिकता, छेदक लवचिकता आणि पुरवठ्याची लवचिकता या तिघीही घरच्या कांद्यापाशी आल्या की शून्याच्या आसपास पाय दुमडून बसतात. आणि पुस्तकात जिचं नावही नाही अशी चौथी एकटी उड्या मारते. तिला अधिसूचनेची लवचिकता म्हणू. किरकोळ बाजारातला भाव एक टक्का हलला तर दिल्लीत किती कागद हलतात, याचं हे माप.

सुरुवात उत्पन्न लवचिकतेपासून करू. उत्पन्न दुप्पट झालं म्हणून कुणी कांदा दुप्पट खात नाही. ‘बढती मिळाली, चला, आज पाच किलो कांदे घेऊ,’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. घराची मिळकत वाढते तसा तिच्यातला अन्नाचा वाटा घटतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच सांगून ठेवलं. आपल्या सरकारी खर्च-पाहण्याही तेच सांगतात: ग्रामीण भागात 1999-2000 मध्ये घरखर्चाच्या शंभर रुपयांतले 59 अन्नावर जात, 2022-23 मध्ये 46, शहरांत 48 वरून 39. त्यात कांदा कितीसा? 2012 हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात त्याचं वजन 0.64 टक्के, म्हणजे शंभर रुपयांत चौसष्ट पैसे. या चौसष्ट पैशांवर वाहिन्यांनी जेवढा गळा काढला तेवढा उरलेल्या नव्व्याण्णव रुपये छत्तीस पैशांवर कधी काढला नाही. 2024 च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी मोबाइलचं रिचार्ज महाग केलं, तेव्हा कुणी टॉवरवर साठामर्यादा घातली नाही.

छेदक लवचिकता म्हणजे एका वस्तूचा भाव चढला की दुसरीची मागणी किती वाढते ते. कांद्याला पर्याय कोणता? हॉटेलवाला भज्यांत आणि मिसळीच्या बशीत गुपचूप कोबी सरकवतो, पण कोबी घालून वाटण करणारं घर अजून दिसायचं आहे. मराठी घरांत कांद्याची मागणी शिस्तीत हलते ती भावामुळे नव्हे, पंचांगामुळे: आषाढातल्या कांदेनवमीला एकदम वर, आणि चातुर्मास पाळणाऱ्यांकडे एकादशीपासून शून्य. 2019 च्या डिसेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं, की आपल्या घरात कांदा-लसूण फारसा खात नाहीत. त्याआधी दोनच महिने बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत हसत म्हणाल्या होत्या, की आपण स्वयंपाक्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितलं आहे. एकीची मागणी मुळातच बारीक होती, दुसरीची आपल्या निर्यातबंदीने बारीक केली. खरी छेदक लवचिकता सापडते ती इथे, देशाच्या वेशीबाहेर. ढाका, कोलंबो किंवा दुबईच्या व्यापाऱ्याला नाशिकचा कांदा मिळाला नाही तर तो उपास धरत नाही. तो पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून माल उचलतो, आणि आपलं दार पुन्हा उघडलं तरी नवा सोयरा लगेच सोडत नाही. म्हणजे आपली निर्यातबंदी हे परदेशी कांद्याला दिलेलं अनुदान ठरतं. पाकिस्तानशी आपण इतक्या दिलदारपणे दुसऱ्या कोणत्याही विषयात वागलेलो नाही.

राहिला पुरवठा. त्याची लवचिकता वेळेवर ठरते आणि कांद्याची वेळ शेताच्या घड्याळावर चालते. पोळ, रांगडा आणि उन्हाळ अशी त्याची तीन येणी. देशातला सुमारे 70 टक्के कांदा रब्बीतला, म्हणजे आपला उन्हाळ. त्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, लागवड डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी एप्रिल-मेमध्ये. मग चाळीत भरून तोच दिवाळीच्या सुमारास नवा माल येईपर्यंत पुरवायचा. दरम्यान त्याचं वजन घटतं, काही सडतो, पावसाळी हवेत उरलेल्याला कोंब फुटतात. सप्टेंबरात भाव चढला तर सप्टेंबरात कांदा पिकवता येत नाही, फार तर चाळ उघडता येते. दिल्लीत आढावा बैठक कितीही उच्चस्तरीय असो, कांद्याला तिचं इतिवृत्त वाचता येत नाही.

मागणी ताठ आणि पुरवठाही ताठ, म्हणजे सगळे हेलकावे भावाला सोसावे लागतात. थोडा माल कमी पडला की भाव आभाळात, थोडा वाढला की मातीत. हेलकावा वरच्या अंगाला गेला की चौथी लवचिकता जागी होते. 2023 च्या 19 ऑगस्टला 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातदर, 8 डिसेंबरला थेट बंदी. भाव काही आठवड्यांतच जवळपास निम्म्यावर आले. बंदीची मुदत मार्चअखेर संपायची होती, ती वाढवली गेली. मे 2024 मध्ये ती उठली, पण 550 डॉलरचा किमान दर आणि 40 टक्के शुल्क घेऊनच. शेवटचं शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेलं. आता हेलकाव्याची खालची बाजू पाहा. 2023 च्या फेब्रुवारीत भाव असे कोसळले, की सोलापूरला 512 किलो कांदा विकून सर्व खर्च वजा जाता एका शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा धनादेश पडला. मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, तेही 200 क्विंटलच्या मर्यादेत आणि सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद असेल तर. वाटप सप्टेंबरात सुरू झालं, हप्त्याहप्त्याने. चढत्या भावाला अधिसूचना एका रात्रीत, पडत्या भावाला मदत सहा महिन्यांनी. रबर एकाच बाजूला ताणलं जात असेल तर त्याला लवचिक म्हणायचं की लबाड, हे पदार्थविज्ञानवाल्यांनी ठरवावं.

यावर पहिला आक्षेप येतो गरिबांच्या नावाने, आणि तो खोटा नाही. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं धरलं आणि भाव 20 वरून 60 वर गेला, तर 200 रुपये जादा मोजावे लागतात. मोलमजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम टोचते. पण मग ती त्या घरापर्यंत पोहोचवावी. सरकारपाशी राखीव साठा असतो, 2023 मध्ये तो 25 रुपये किलोने विकलाही गेला. ते हत्यार हाताशी असताना गरिबाचं नाव पुढे करून एसीत बसून कांदा चिरणाऱ्यालाही स्वस्ताई पुरवायची आणि बिल निफाड-येवल्याच्या शेतकऱ्यावर फाडायचं, याला कल्याण म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप साठेबाजीचा. संगनमत करून लिलाव पाडणारे व्यापारी असतात, त्यांच्यासाठी कायदाही आहे. परंतु मे महिन्यातला कांदा सप्टेंबरात ताटात दिसतो तो कुणीतरी साठवला म्हणूनच. पुरवठ्याला जी काही लवचिकता आहे ती चाळीत आहे. चाळीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर सप्टेंबरातला कांदा जामीन कुणाकडे मागणार? तिसरा आक्षेप हुशार आहे: सुमारे 300 लाख टन उत्पादनात निर्यात 25 लाख टनांची, तेवढ्याने शेतकऱ्याचं काय बिघडतं? बिघडतं, कारण मागणी ताठ आहे. बाराव्या हिश्श्याचा माल घरच्या बाजारात कोंबला की भाव बाराव्या हिश्श्याने घसरत नाही, त्याच्या कित्येक पट घसरतो. इतक्याने काहीच फरक पडत नसता तर बंदी घालायची तसदी तरी कुणी घेतली असती?

गंमत अशी, की ज्याच्या नावाने हे सारं चालतं तो ग्राहकही शेवटी फसतो. पडलेला भाव पाहून शेतकरी पुढच्या हंगामात लागवड आटोपती घेतो, त्यामुळे माल कमी येतो, भाव भडकतो आणि दिल्लीत पुन्हा कागद हलतो. या फेऱ्याला निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की आमच्याकडे जाळं विणायला खास खातं आहे. या खात्याला घाई होते ती मतदान जवळ आलं की. बंदी उठली 4 मे 2024 ला, दिंडोरी आणि नाशिकला मतदान होतं 20 मेला, आणि दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. मग विधानसभा तोंडावर आली आणि 13 सप्टेंबरला किमान दर रद्द होऊन शुल्क निम्म्यावर आलं. कांद्याला स्वयंपाकघरात पर्याय सापडत नसेल, पण मतदानाची तारीख आणि निर्यातशुल्क यांच्यातली छेदक लवचिकता मार्शलसाहेबांनीही वहीत टिपून घेतली असती.

उपाय फार खोल नाही. निर्यात कोणत्या भावाला थांबेल, कोणत्या भावाला सरकार खरेदीला उतरेल, हे ऑक्टोबरात, रोप टाकायच्या आधी जाहीर करावं आणि काढणीपर्यंत पाळावं. नियम कडक असला तरी चालेल, आधी कळला म्हणजे झालं. शेतकरी त्या हिशेबाने वाफे मांडेल. लवचिकतेच्या प्रत्येक व्याख्येआधी पुस्तकात एक अट छापलेली असते: ‘इतर परिस्थिती कायम असताना’. विद्यार्थी ती घोकतात, परीक्षक तिला गुण देतात. निफाडच्या शेतकऱ्याला पावसाकडून ती कधी मिळणार नाही, हे तो जाणून आहे. निदान राजपत्राकडून मिळावी, इतकंच त्याचं मागणं आहे, आणि पंचवीस वर्षं कांदा लावूनही त्या मागणीची लवचिकता त्याला अजून मोजता आलेली नाही.