विभागात बोलायचंय? मग हे वाचा

अभिनंदन! विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात येत्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता तुमचं संशोधनपर व्याख्यान लागलं आहे. सूचनाफलकावर तुमच्या आडनावातलं एक अक्षर गळलंय, तेवढं पोटात घाला. पुढच्या सूचना पाळल्यात तर तुम्ही नेमकं काय संशोधन केलंत हे कुणालाही कळणार नाही आणि सगळे म्हणतील, ‘छान झालं हो!’

१. आधी वेळ घालवा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, तुम्हीच लिहून दिलेला तुमचा परिचय, शाल-श्रीफळ यांत निम्मा तास आरामात जातो. उरलेल्यातली दहा मिनिटं प्रोजेक्टरला द्या. मराठी स्लाइडचा फॉन्ट फुटून चौकोन उमटले तर दुरुस्त करू नका. चौकोनांवर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही.

२. विषय कुठलाही असो, पहिली स्लाइड मास्लोच्या पिरॅमिडची. मास्लोच्या १९४३च्या लेखात पिरॅमिड नाहीच, हे उगाच सांगत बसू नका.

३. नमुना लांब शोधायला जाऊ नका. एफवायची मुलं आहेत ना! त्यांचे इंटर्नलचे गुण तुमच्या गाइडच्या हातात असतात, त्यामुळे ती अगदी स्वेच्छेनं सहभागी होतात. गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाका. काही मुलं प्रश्न न वाचता खालपर्यंत ‘सहमत’ टिचकवतील, काही खालपर्यंत ‘असहमत’. रागावू नका, त्यांचे आभार माना. अशानंच क्रॉनबॅकचा अल्फा वर चढतो आणि तुमची प्रश्नावली ‘अत्यंत विश्वसनीय’ ठरते. शीर्षकात मात्र ‘भारतीय युवक’ असंच लिहा. संकोच कसला? मूठभर पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष अख्ख्या मानवजातीच्या नावावर खपतात, हे हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० सालीच दाखवून दिलंय. तुमचं तर फक्त देशावर भागतंय.

४. पी-मूल्य ०.०५च्या खाली आणा. ही रेघ फिशरनं १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली होती. आता ती ओलांडल्याशिवाय पीएचडी होत नाही. ०.०८ आलं? अरेरे. मुलगे-मुली वेगळे करा. मग शहरी-ग्रामीण. मग मोठं भावंड, धाकटं भावंड. जमेना, तर चष्मेवाले काढून टाका. सिमन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशाच युक्त्या करून बीटल्सचं एक गाणं ऐकल्यानं माणसाचं वय सुमारे दीड वर्षानं घटतं, असं सिद्ध केलं होतं. हे घातक आहे, असा त्यांचा इशारा होता. तुम्ही पाककृती म्हणून वाचा. काहीतरी सापडलं, की गृहीतक त्यानंतर लिहा आणि ‘अपेक्षेप्रमाणे’ हा शब्द ठासून उच्चारा.

५. प्रश्नोत्तरं. निवृत्त सर पहिल्यांदा उठतील. त्यांना प्रश्न नसतो, आठवण असते. मान डोलवा; पाच मिनिटं सुटली. खरा धोका संख्याशास्त्र विभागातून वाट चुकून आलेल्या मुलीचा. ती विचारेल, ‘एकूण चाचण्या किती केल्या?’ तिला सांगा, ‘फार छान प्रश्न, चहाला बोलू,’ आणि चहाच्या वेळी समोशांच्या पलीकडच्या टोकाला उभे राहा. एखाद्यानं २०१५चा तो प्रकल्प काढला, १०० अभ्यास पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष आला तो, तर गंभीर व्हा. ‘म्हणूनच या विषयात अधिक संशोधनाची गरज आहे,’ असं म्हणून आभारप्रदर्शन करणाऱ्याला डोळ्यानं खुणवा. त्याला आधी सांगून ठेवलेलं असावं.

६. ई-प्रमाणपत्र हवं असेल तर फीडबॅक फॉर्म भरावाच लागेल, असं जाहीर करा. सगळे ‘अतिउत्तम’ टिचकवतील. तो डेटा पुसू नका. पुढच्या व्याख्यानाचा नमुना तयार झाला.