शंभर ओळी लिहू नका

‘मी स्वप्नात जागी आहे.’ सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा हे वाक्य वहीत लिहा, की ल्युसिड ड्रीम आपोआप पडू लागेल, असं सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगणं. त्यासाठी छापील वह्या मिळतात, वर्ग भरतात आणि पैसे मोजणारे बहुतेक तरुण असतात. स्वप्नात जाग येते हे खरं आहे आणि ते शिकता येतं हेही खरं आहे. पण त्यासाठी पानंच्या पानं भरायला लावणारा माणूस तुम्हाला चुकीच्या दारात उभं करतो.

आधी खरं किती, ते पाहू. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू लुळे पडतात, डोळ्यांचे मात्र पडत नाहीत. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली यांना झोपवलं. स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवायचे, असा करार होता. वर्स्लींनी तो पाळला आणि यंत्रावर खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. २०२१ साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून स्वप्नातल्या माणसांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले तर उरले किती, याचं उत्तर एकानं झोपेतच डोळे दोनदा हलवून दिलं. असे सगळेच प्रयत्न साधले नाहीत. बरोबर उत्तरं साधारण १८ टक्के आली, पण आली. तेव्हा हा विषय बुवाबाजीचा नाही. तो बुवाबाजीच्या हाती गेला आहे, याचा मला राग आहे.

आता त्या वाक्याकडे येऊ. स्वयंसूचना जगभर नेणारा एमिल कुए हा फ्रान्समधला औषधविक्रेता. आपण दिवसेंदिवस बरे होत आहोत अशा अर्थाचं एकच वाक्य तो लोकांना झोपताना आणि उठताना वीस वेळा पुटपुटायला सांगे. मोजायला वीस गाठींची दोरी असे. कुएनं वेळ नेमकी निवडली होती, झोप आणि जाग यांच्या सीमेवरची. आजच्या वहीवाल्यांनी त्याची मोजणी ठेवली आणि वेळ टाकून दिली.

लाबर्जही आधी याच वाटेनं गेले होते. १९८० सालच्या निबंधात त्यांनी स्वतःवरच्या प्रयोगाचा हिशेब मांडला आहे. नुसत्या स्वयंसूचनेवर त्यांना महिन्याला सरासरी पाचेक सजग स्वप्नं पडत. म्हणजे वाक्य अगदीच निरुपयोगी नाही, हे मान्य करायला हवं. मग त्यांनी पद्धत बदलली आणि संख्या महिन्याला वीसच्या वर गेली. हिशेब एकाच माणसाचा, तोही पद्धत शोधणाऱ्याचाच, म्हणून तो जपून घ्यावा. तरी त्यांनी बदललं काय, ते समजून घेण्यासारखं आहे.

पहाटे स्वप्नातून जाग आली की तिथेच पडून राहायचं. आत्ताचं स्वप्न आठवायचं. त्यातली न जुळणारी गोष्ट हेरायची. वारलेले आजोबा ओसरीवर बसलेत, नोकरी लागून वर्षं झाली तरी दहावीचा गणिताचा पेपर समोर आहे, असं काहीतरी सापडतंच. मग मनानं पुन्हा त्याच स्वप्नात शिरायचं आणि त्या गोष्टीपाशी आलो की ‘अरे, हे स्वप्न आहे’ असं स्वतःला ओळखताना पाहायचं. सोबत एकच निश्चय करायचा, की पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे मला आठवायला हवं. झोप लागेपर्यंत एवढंच.

या पद्धतीचा आधार आहे पुढे करायच्या कामाची आठवण. घरी येताना औषधाच्या दुकानातून गोळ्या घ्यायच्या असतील, तर ‘मी गोळ्या आणल्या आहेत’ असं दिवसभर घोकून गोळ्या घरात येत नाहीत. दुकानाची पाटी दिसताच आठवण व्हावी, अशी गाठ आधी मनात मारून ठेवावी लागते. वहीतलं वाक्य नेमकं इथे चुकतं. ‘मी स्वप्नात जागी आहे’ यात कधी, कुठे, काय दिसल्यावर, यातलं काहीच नाही. शिवाय ते शेवटचं लिहिलं जातं रात्री दहाला. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि स्वप्नांचे लांब टप्पे पहाटेकडे येतात. एवढ्या तासांत ते वाक्य कुठल्या कुठे विरून जातं.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठातले डेनम अ‍ॅस्पी यांनी १६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसा अधूनमधून ‘मी आत्ता स्वप्नात आहे का’ हे तपासायचं, पाच तास झोपून उठायचं आणि लाबर्ज यांची पद्धत करून पुन्हा झोपायचं. हे तिन्ही करणाऱ्या गटाला आठवडाभरात सुमारे १७ टक्के यश आलं. पण पद्धत करून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत ते जवळपास ४६ टक्के होतं. माझ्या मते या आकड्यांनीच वहीचा निकाल लावला आहे. निश्चय आणि झोप यांच्यात अंतर जितकं कमी तितकं बरं. दिवा लावून, उठून बसून, पेन शोधून ओळी मोजणारा माणूस ते अंतर स्वतःच्या हातानं वाढवतो.

आणि १७ टक्के म्हणजे बहुतेक रात्री काहीच घडत नाही. वर्गाची फी घेण्यापूर्वी हे सांगायला हवं. सांगत नाहीत, कारण मग पुढचं वाक्य वापरता येणार नाही: ‘तुझा विश्वास कमी पडला.’ या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग हाच. पद्धत फसली की दोष शिकणाऱ्याचा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोअन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की स्वतःला मुळातच कमी लेखणाऱ्या माणसांकडून ‘मी प्रेम करण्याजोगा आहे’ अशी वाक्यं घोकून घेतली, तर त्यांना आणखी वाईट वाटतं. आधीच खचलेल्या मुलाच्या हाती अशी वही देताना याचा विचार कुणी करतं का?

वही घेतलीच असेल, तर तिच्यात पडलेली स्वप्नं लिहा. डोळे उघडताच, फोनला हात लावण्याआधी, तुटक आठवेल तसं लिहा. काही दिवसांत तीच माणसं, तीच घरं, तीच घाबरगुंडी परत परत येताना दिसेल. स्वप्न ओळखायच्या खुणा याच. मात्र परीक्षेच्या दिवसांत झोप मोडून हे करू नका. वास्तवाचं भान सुटण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

जागेपणीच्या सरावानं रात्र बदलल्याचा भक्कम पुरावाही आहे, पण तो दुसऱ्याच सरावाचा. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रिया त्यात होत्या. ज्यांना उपचार मिळाले, त्यांनी दिवसाउजेडी आपलं दुःस्वप्न घेतलं, ते हवं तसं बदललं आणि बदललेलं रूप रोज मनात फिरवलं. त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. या उपचाराला ‘इमेज रिहर्सल’ म्हणतात. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं दुःस्वप्नांवर तो सुचवला आहे. ल्युसिड ड्रीमचं प्रशिक्षणही तिच्या यादीत आहे, पण ‘वापरून पाहता येईल’ एवढ्याच जोरानं.

वर्गात येणाऱ्यांपैकी काही जण स्वप्नात उडायला आलेले नसतात. रात्रीला भिऊन आलेले असतात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर वहीचे पैसे वाचवा, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि इमेज रिहर्सलबद्दल विचारा.