बुडबुड्यांचा हिशेबनीस

घरी बिअर बनवणारा माणूस पिण्याच्या नादापायी त्या उद्योगात पडतो, हा समज फारसा खरा नाही. निदान त्यांच्यातली एक जात अशी आहे की तिचा जीव बिअरमध्ये नसतो, बिअरवरच्या गॅसमध्ये असतो. आणि नेमकं बोलायचं तर गॅसमध्येही नाही, त्याच्या गळतीत असतो. ही जात प्रामुख्याने अमेरिकेत सापडते. तिथे १९७८ साली जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघे किंवा अधिक प्रौढ असतील त्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता घरी बनवायची मोकळीक मिळाली. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हे करता येत नाही. त्यामुळे आपला हा नमुना बहुधा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर भागवून घेत असावा.) सुरुवातीला हा गृहस्थ बाटल्याच भरतो. बाटलीत थोडी साखर घातली की यीस्ट गॅस स्वतःच तयार करतं, रेग्युलेटर लागत नाही, नळी लागत नाही. पण एका घाण्याला पन्नासेक बाटल्या घासाव्या लागतात. त्या कंटाळ्यापोटी तो स्टीलचा केग आणतो, तोही शीतपेयवाल्यांनी मोडीत काढलेला, १९ लिटरचा. पेप्सीवाल्यांचा असेल तर बॉल-लॉक, कोकवाल्यांचा असेल तर पिन-लॉक. सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर येतो. बाटल्या घासण्यातून त्याची सुटका होते ती इथेच, आणि घरच्यांची शांतताही इथेच संपते.

माझं म्हणणं असं की हा माणूस कंजूष नाही, पियक्कड नाही आणि भित्राही नाही; तो हिशेबनीस आहे. नुकसान झालं तर तो सोसेल, पण ते कोणत्या खात्यातून झालं हे कळल्याशिवाय त्याला झोप लागणार नाही. या स्वभावाला खतपाणी घालतो तो सिलिंडरवरचा काटा. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत आतला दाब तापमानाप्रमाणे ठरतो. किती माल उरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. खोलीत ठेवलेल्या सिलिंडरवर काटा दर चौरस इंचाला ८०० पौंडांच्या वर उभा असतो, सिलिंडर भरलेला असताना आणि पाऊण रिकामा झाल्यावरही. तोच सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा साडेपाचशेच्या आसपास उतरतो आणि गळती नसताना आपला गृहस्थ पाना घेऊन धावतो. म्हणजे गळती चालू असताना काटा गप्प आणि नसताना बोंब. तपासाला सुरुवात होते तेव्हा सिलिंडर रिकामा झालेला असतो. अशा साक्षीदारावर वर्षभर विसंबलेला माणूस संशयी झाला, तर त्याचा दोष काय?

त्यात बिअरही फितूर. गळती तपासायची सोपी रीत म्हणजे केगमध्ये दाब भरायचा, सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि रेग्युलेटरचा काटा पडतो का ते पाहायचं. काटा पडतोच. पण केगमध्ये ताजी बिअर असेल तर ती हा गॅस स्वतः पिते. दाबाच्या प्रमाणात वायू द्रवात विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ सालीच दाखवून दिलंय. म्हणून चाचणी रिकाम्या केगवर, नाहीतर गॅस खाऊन तृप्त झालेल्या बिअरवरच करायला हवी. हे समजल्यावर तो रिकामा केग ३० पौंडांवर साबणाचा फेस लावून तपासतो आणि एकही बुडबुडा सापडत नाही. सापडणार कसा? केगचं लंबगोल झाकण आतून बसतं. जितका दाब जास्त, तितकं ते तोंडाशी घट्ट रेटलं जातं. बिअर वाढायच्या १०–१२ पौंडांवर तेच झाकण सैल पडतं आणि तिथून गॅस निवांत बाहेर पडतो. चौकशीला साहेब आले की जागेवर बसणारा कारकून आणि हे झाकण एकाच वळणाचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा: गॅसला पैसे पडतात, माणूस जपणारच. पण आकडा मांडून पाहा. १९ लिटरचा केग फसफसता करून शेवटच्या ग्लासापर्यंत ढकलायला दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर गॅस लागतो, म्हणजे सव्वादोन किलोच्या लहान सिलिंडरवर बारा-पंधरा केग सहज निघतात. आणि हा ज्याच्या मागे लागलेला असतो तो बुडबुडा केवढा? समजा साबुदाण्याएवढा, दर सेकंदाला एक. दिवसाचे झाले जेमतेम तीन लिटर. सिलिंडरमध्ये वायुरूपात मोजले तर बाराशेहून अधिक लिटर भरतात, म्हणजे त्या एका बुडबुड्याला सिलिंडर रिता करायला वर्षाहून अधिक काळ लागेल. आठवड्यात सिलिंडर ज्याने खाल्ला तो चोर वेगळाच. बहुतेकदा तो सिलिंडरच्या तोंडाशीच सापडतो, नटमध्ये वायसर घालायचं राहिल्यामुळे किंवा जुनंच चेपलेलं वायसर पुन्हा कसल्यामुळे. या जोडाचं सील आट्यांवर नसतं, वायसरवर असतं; पण गृहस्थाने आट्यांना टेफ्लॉन टेपची पगडी बांधलेली असते. शिवाय मोठी गळती फेस उडवून लावते, तिथे सुबक बुडबुडा धरत नाही. म्हणून तो निर्धास्तपणे पुढे सरकतो आणि साबुदाण्याला पकडतो. पैसे वाचवायचे असते तर उलट केलं असतं.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन डायऑक्साइडला तो नसतो. चाळीस घनमीटरच्या बंद खोलीत तो लहान सिलिंडर एकदम मोकळा झाला तर हवेत सुमारे तीन टक्के कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढ्याने डोकं ठणकतं आणि धाप लागते. हा वायू हवेपेक्षा जड, तळघरात साचतो. तेव्हा भीती रास्तच आहे. पण भ्यालेला माणूस आधी धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र भिंतीला लावतो, खिडकी उघडतो, सिलिंडर वर आणतो. आपला गृहस्थ दार लावून घेतो, का तर वाऱ्याने साबणाचा फेस वाळतो.

उरला बिअरच्या प्रेमाचा मुद्दा. घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींचे गुरू चार्ली पापाझियन यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकातून काळजी सोडून निवांत राहायला एका पिढीला शिकवलं. आपल्या गृहस्थाने त्यातली कृती तेवढी उचलली. केग घरच्या बाथटबमध्ये बुडवून तो शेजारी उकिडवा बसतो, आणि आतली बिअर भावजी येऊन संपवतात.

खरा पुरावा मात्र ओ-रिंगांच्या बाबतीत मिळतो. एका केगला झाकणाची एक मोठी, दोन पोस्टांच्या (म्हणजे कनेक्टर बसतात त्या तोंडांच्या) दोन आणि आतल्या दोन नळ्यांच्या दोन, अशा पाच ओ-रिंगा. सगळा संच चार-पाच डॉलरात येतो. सगळ्या एकदम बदला, खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, गॅसचं कनेक्टर खट्ट आवाज येईपर्यंत दाबा, नळ्यांच्या क्लिपा आवळा. शंभरातल्या नव्वद तक्रारी इथे मिटाव्यात. बायको हे पहिल्याच दिवशी सुचवते. तो मानत नाही, कारण पाचही बदलल्या तर दोषी कोणती होती हे कायमचं गुलदस्त्यात राहणार. म्हणून तो एक बदलतो, रात्रभर थांबतो, वहीत दाब लिहितो, मग दुसरी बदलतो. पाचवीनंतर गळती थांबली, तर ती पाचवीमुळे थांबली की आधीच्या चारांपैकी एखादी आता नीट बसल्यामुळे, हा नवा वाद निघतो. तो मिटवण्यासाठी तो प्रत्येक केगला स्वतंत्र काटा बसवतो, म्हणजे केगमागे दोन नवे जोड वाढले, आणि त्यांना एक-एक वायसर.