बारा टक्क्यांची काटकसर

रविवारचे पोहे संपले की मध्यमवर्गीय मराठी घरात बाबांचं प्रवचन सुरू होतं. विषय ठरलेला: आम्ही पै-पै जमवून घर उभं केलं आणि तुम्ही अडीचशे रुपयांची कॉफी पिता. चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता 'हं' म्हणतात. तिथेच चुकतात. त्यांनी एवढंच विचारावं: बाबा, तेव्हा व्याज किती मिळायचं हो?

पीपीएफवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के मिळत होते, तेही करमुक्त. १९८८ मध्ये किसान विकास पत्र आलं. साडेपाच वर्षांत दामदुप्पट! पोस्टात पैसे भरायचे, कागद कपाटात साड्यांखाली सरकवायचा आणि विसरून जायचं, एवढाच काय तो घाम. सध्या पीपीएफला ७.१ टक्के मिळतात आणि किसान विकास पत्राचे पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. महागाई तेव्हाही होती, असं बाबा लगेच म्हणतील. होती की. पण महागाई भत्ताही होता.

शिवाय उधळायचं ठरवलं असतं तरी उधळणार कशावर? बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. टेलिफोनचा अर्ज बारशाला केला तर घंटी मुंजीत वाजायची. गॅसलाही प्रतीक्षायादी. बाजारात मालच नव्हता आणि आपण त्याचं श्रेय आपल्या संयमाला देऊन मोकळे झालो. आता चेतक विजेवर धावते आणि हप्त्यांवर मिळते. दुकानदारच मागे लागतो: आज घेऊन जा, पैसे सावकाश द्या. १९८५ साली असा दुकानदार बाबांना भेटला असता तर त्यांचा निग्रह किती टिकला असता, हे आईला विचारावं. बाबांना नको.

कामाचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला, रविवार धरून. यावर सर्वांत जोरात माना कोणी डोलावल्या? ज्यांनी उभ्या हयातीत साडेपाचला टेबल आवरून ठरलेली लोकल चुकवली नाही आणि लोकलमधला पत्त्यांचा डावही मोडू दिला नाही, त्या निवृत्त काकांनी. ज्याच्यासाठी माना डोलावल्या जात होत्या तो पुतण्या तेव्हा रात्री साडेदहाला अमेरिकेच्या कॉलवर होता. (जाता जाता: मार्च २०२४ मध्ये मूर्तींनी चार महिन्यांच्या नातवाला इन्फोसिसचे १५ लाख शेअर भेट दिले. बाळाचे साप्ताहिक तास अजून जाहीर झालेले नाहीत.)

चिरंजीव धुतल्या तांदळाचे आहेत, असं नाही. नेरूळला कोल्डप्ले ऐकणं ही त्यांच्या लेखी 'अनुभवातली गुंतवणूक'. क्रेडिट कार्डाचं किमान देय भरायचं आणि उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज मोजायचं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. बापाने बारा टक्के घेतले, लेक चाळीस देतो आणि दोघांनाही वाटतं की हा स्वभावाचा प्रश्न आहे. पुण्यात फ्लॅट परवडत नाही म्हणून फिरून येतो, हे त्याचं उत्तर मात्र खोडून काढणं अवघड. फक्त हे दुःख त्याच्या हिमाचलच्या रीलमध्ये शोधूनही सापडत नाही.

आणि भविष्याची तजवीज? १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारने नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद केली. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा 'यांना काम नको, नुसते हक्क हवेत' हा शेरा सोसायटीच्या बाकावरून आला. शेरा मारणाऱ्यांच्या खात्यात शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन दरमहा जमा होते. तिच्यातून ते डब्यात चिवडा-लाडू घेऊन युरोप फिरून आले आहेत, दोनदा. जरूर फिरावं, त्यांच्या हक्काचे पैसे आहेत. पण परतल्यावर घरी बसलेल्या मुलाला काटकसर शिकवू नये.

त्या पेन्शनवरची महागाईची वाढ जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा ठरते. मुलाची पगारवाढ एप्रिलमध्ये, तीही कंपनीला वाटलं तर.