थंड चहा, वाफाळता

उष्णता म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला परदेशात जाऊन कळावं ही नामुष्कीच. पण नोकरीपायी चीनमधल्या क्वांगचौला राहत होतो, जून महिना होता आणि माझं तोंड आलं. ऑफिसातल्या सहकारिणीने माझ्या टेबलावरच्या लिचीच्या सालींकडे पाहिलं आणि निदान केलं, "शांगहुओ." म्हणजे आग वर चढली. तिकडे म्हणच आहे, एक लिची म्हणजे तीन पलिते. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे उष्णताच की रे. सब्जा घे आणि जागू नकोस." दोन प्राचीन संस्कृतींचं असं एकमत झालं, पण ओठ उघडताना दुखत असल्यामुळे मला ते साजरं करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहकारिणीने मला 'ल्यांगछा'च्या दुकानात नेलं. ल्यांगछा म्हणजे थंड चहा. तो आला वाफाळता, वाडग्यातून, काळाकुट्ट. थंड असतो तो गुणाने. हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. फ्रिजमधला आमरसही उष्णच, हे ऐकत आपण वाढलो. चव मात्र काडेचिराइताच्या थोरल्या बहिणीची.

मग मला शब्द गोळा करायचा नाद लागला. तिथल्या वैद्यकाचा कणा म्हणजे 'ची'. कुणी तिला प्राण म्हणतं, कुणी ऊर्जा. दोन्हींतून ती निसटते, कारण हा शब्द दवाखान्यात बसून राहतच नाही. आकाशाची ची म्हणजे हवामान. छोटी ची म्हणजे चिक्कूपणा. पाहुण्याची ची म्हणजे अदब. ची उत्पन्न झाली की माणूस रागावला. आणि तापट स्वभावाला शब्द आहे 'पीची', म्हणजे प्लीहेची ची! शास्त्रात मात्र राग यकृताच्या वाट्याला, भीती मूत्रपिंडाच्या, शोक फुप्फुसाच्या. प्लीहेकडे अतिविचाराचं खातं. आधी मला हसू आलं. मग आठवलं, आपल्याकडेही पित्त खवळतं आणि पोरं वात आणतात. कफाला मात्र मराठीने एकही भावना दिली नाही. बिचारा नुसता खोकत बसला.

सगळ्यांत मी फिदा झालो 'सान-च्याव'वर. तीन शेगड्या, असा त्याचा अर्थ करतात. एक छातीत, एक पोटात, एक ओटीपोटात. शरीरातल्या पाण्याची वाहतूक बघायचं काम यांचं. पण हा अवयव कापून दाखवता येत नाही. नाव आहे, आकार नाही, असं जुन्या ग्रंथांनीच म्हणून ठेवलंय आणि मग तिथले वैद्य शतकानुशतकं त्यावर वाद घालत राहिले. मला काही हे अवघड वाटलं नाही. नाव आहे, काम आहे, पण जागेवर कुणी सापडत नाही, अशी खाती मी गावी पुष्कळ पाहिली होती.

तोंड बरं होईना, तेव्हा एका म्हाताऱ्या वैद्याकडे गेलो. मी भारतीय आहे हे कळताच ते उद्गारले, "के दिहुआ!" १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि तिथेच वारलेले आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, त्यांचं हे चिनी नाव. एवढ्या पुण्याईवर मला आधी चहा मिळाला. साधा.

मग त्यांनी जीभ पाहिली. बाजूने लाल, वर पिवळट थर. नंतर मनगटाखाली छोटी उशी ठेवून तीन बोटं टेकवली. आधी अलगद, मग दाबून. ली शिझेन या जुन्या चिनी वैद्यांनी १५६४ साली नाडीचे २७ प्रकार सांगितले. त्यातली 'घसरती' नाडी म्हणे ताटलीत मोती घरंगळावेत तशी लागते. माझी निघाली 'तारेसारखी', तंबोऱ्याची खुंटी कुणी जास्तच पिळावी तशी. म्हणजे यकृत.

"फार चिडता?"

"छे," मी चिडून म्हणालो.

"झोप?"

"बरी."

त्यांची बोटं मनगटावरच होती.

"लिची किती खाल्ल्या?"

"असतील चार-पाच."

म्हातारबुवांनी डोळे मिटले, मधलं बोट किंचित दाबलं आणि एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"किलोभर," मी म्हणालो.