गेलं कुठे?

दूध उतू जाऊ द्या, पगार पंधरा तारखेला संपू द्या, तळमजल्यावरच्या वहिनींचं कानातलं हरवू द्या, सहाव्या मजल्यावरच्या अप्पांचा प्रश्न ठरलेला: "बरं, मग ते गेलं कुठे?" त्यात सहानुभूती औषधालाही नसते. नुसती चौकशी.

अप्पा केमिकल इंजिनीअर. निवृत्त झालेत असं काकू म्हणतात, अप्पांनी ते अजून मान्य केलेलं नाही. आपल्याकडे डॉक्टर भेटला की लोक गुडघा दाखवतात, वकील भेटला की खोलीचे कागद काढतात. केमिकल इंजिनीअरला काय दाखवायचं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून लालबागच्या आमच्या इमारतीत कुठे घाण वास आला की अप्पांना बोलावतात. ते येतात, गटारावर नाक धरण्याऐवजी नाक पुढे करतात आणि निदान सांगतात, "हायड्रोजन सल्फाइड. वास येतोय तोवर निदान कळतंय तरी. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास यायचा एकदम बंद झाला, तर मात्र पळा." यानंतर आठवडाभर मुलं वास येत नाही म्हणून जिन्यावरून धूम पळत होती.

अप्पांचा देव एकच: मास बॅलन्स. जे आत गेलं ते बाहेर तरी आलं पाहिजे, नाहीतर आत साठलं पाहिजे. तिसरी वाट नाही. काकूंनी चार कप पाणी ठेवून साडेतीन कप चहा आणला, की अर्धा कप वाफेत गेला का गाळणीतल्या चोथ्यात, याचा हिशेब चहा निवेपर्यंत चालतो. काकू बशी पुढे सरकवत म्हणतात, "अहो, तुमच्या डोक्यात गेला. प्या आता."

हे वेड आलं कुठून? त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांचा रंग रविवारीसुद्धा जात नसे. गिरणीच्या मागचं गटार आज निळं, उद्या लाल. पोरं गटार बघून सांगायची की आज कुठल्या रंगाचा माल चाललाय. बाकीच्या पोरांना ती गंमत वाटली. अप्पांना वाटलं, हा रंग तर कापडावर चढायला हवा होता, मग इथं काय करतोय? या एका शंकेपायी पोरगा माटुंग्याला यूडीसीटीत पोचला.

यूडीसीटी म्हणजे मुंबई विद्यापीठानं १९३३ साली काढलेला रसायन तंत्रज्ञान विभाग. २००८ पासून त्याचं नाव आयसीटी आहे, पण हे अप्पांना सांगायची सोय नाही. "आयसीटी म्हटलं की लोक विचारतात, कॉम्प्युटर का?" हा त्यांचा कायमचा जखमी सूर. शर्मासरांचं, म्हणजे एम. एम. शर्मांचं, नाव निघालं की मात्र हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अप्पा हे अशा थाटात सांगतात की निवड समितीत आपणही होतो असं वाटावं. त्यांचा एक गिरगावकर वर्गमित्र येतो. तो लगेच शास्त्रज्ञ माशेलकरांना पुढे करतो: यूडीसीटीचे तर खरेच, शिवाय गिरगावात वाढलेले. मग दोघं बालपणापासून नोबेलपर्यंत भांडतात. काकू तेवढ्यात दादरला जाऊन भाजी घेऊन येतात.

नोकरी सगळी डोंबिवली, तळोजा, रसायनी या पट्ट्यात झाली. निवृत्तीनंतर नैरोबीच्या एका साबणाच्या कारखान्यानं सल्लागार म्हणून बोलावलं. आम्हाला वाटलं, आता सिंहाचे फोटो येतील. आले ते टाक्यांचे. तेल-चरबीत कॉस्टिक घालून साबण करताना ग्लिसरीन सुटतं, टनाला साधारण शंभर किलो. हा कारखाना ते खाऱ्या पाण्याबरोबर सरळ नाल्यात सोडत होता. अप्पांनी मालकाला नदी, पर्यावरण, पुढची पिढी यातलं काही सांगितलं नाही. नाल्याशी उभं केलं आणि विचारलं, "शंभर किलो गेलं कुठे?" नंतर त्या ग्लिसरीनच्या बाजारभावाचा कागद हातात दिला. तीन महिन्यांत ग्लिसरीन वेगळं काढायला बाष्पक बसला. शहर वाढतंय, पाणी कमी, वीज बेभरवशाची, अशा जागी काटकसर आणि पर्यावरण यांत फरक उरत नाही, असं ते म्हणतात. तिथून येताना 'पोले पोले' घेऊन आले. स्वाहिलीत म्हणजे हळू, सावकाश. ते आता भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर टॅक्सीवाल्याला ऐकवतात.

ते नैरोबीत असतानाच, ऑगस्ट २०१७ मध्ये, तळोज्यात कारखान्याच्या रंगानं निळी झालेली कुत्री दिसली. मी फोटो पाठवला. आम्ही सगळे "बिचारी कुत्री" म्हणत होतो. अप्पांचं उत्तर आलं: "रंग हा माल आहे. मालकाचे पैसे कुत्र्याच्या अंगावर फिरतायत." त्याच महिन्यात केनियानं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, शिक्षा चार वर्षांपर्यंत कैद. दिवाळीला काकू तिकडे निघाल्या तेव्हा अप्पांचा फोन, एकही पिशवी आणू नकोस. मग दोन किलो चकल्या साडेतीन किलोच्या स्टीलच्या डब्यांतून विमानात बसल्या. आपल्याकडे बंदी लागू झाली जून २०१८ मध्ये. "नैरोबी आपल्यापुढे दहा महिने," हे अप्पा अजून भाजीवाल्याला सुनावतात. भाजीवाला पिशवी काढून देतो.

त्या डब्यांवरून आठवलं. रॉजर शेल्डन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये इ-फॅक्टर मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. तेलशुद्धीकरणात तो शून्य पूर्णांक एकच्या आसपास, औषधांत पंचवीस ते शंभर. अप्पांनी तो दिवाळीच्या भेटींना लावला. सुक्या मेव्याचा डबा काट्यावर ठेवतात: मेवा दोनशे ग्रॅम, पुठ्ठा, मखमल आणि रिबीन सातशे. "साडेतीन," असं पाहुण्यांच्या तोंडावर जाहीर करतात. पाहुण्यांना वाटतं, मार्क दिले.

गेल्या गणपतीत तर कहर झाला. इमारतीची मूर्ती प्लास्टरची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेली युक्ती अप्पांना ठाऊक होती. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लास्टर मोडतं. खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, म्हणजे खत. नोटीस बोर्डावर, थकबाकीच्या यादीशेजारी, त्यांनी समीकरण लावलं: १७२ किलोला १५८ किलो, म्हणजे दहा किलोच्या मूर्तीला नऊ किलोच्या वर पूड. ती बिस्किटांत घालतात, म्हणून परळच्या बेकरीवाल्याकडून आली. तळमजल्यावरच्या आजी रडवेल्या झाल्या, "देवाला पिंपात रे कसं घालायचं?" अप्पांनी वाद घातला नाही. रीतसर उत्तरपूजा केली, आरती म्हटली, दहीपोहे वाटले, पिंपाभोवती आजींकडूनच फुलं वाहून घेतली. नंतर दोन दिवस गच्चीवर पिंप ढवळलं. अमोनियाच्या वासानं आख्खी इमारत डोळे पुसत होती. बाहेरच्यांना वाटलं, काय भक्ती!

तिसऱ्या दिवशी अप्पा घामाघूम. खाली बसलेला गाळ वाळवून तोलला, आकडा जुळेना. सहाशे ग्रॅम कमी. रात्री अकराला आमची बेल वाजली. दारात अप्पा, हातात ओला काथ्याचा गुंता, चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद. "मूर्तीत काथ्या असतो! तो विरघळत नाही!" आजींनी खताचं पाणी तुळशीला घातलं. अप्पांनी धावत जाऊन त्यात दुप्पट पाणी ओतलं, म्हणून तुळस वाचली.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी टँकरचं बिल वाचत होते. अप्पा उठले. सभेनं सामूहिक उसासा टाकला. "पालिकेचं पाणी अधिक टँकर, वजा मजल्यांवर गेलेलं. उरलेलं गेलं कुठे?" पुढचे चार दिवस ते वही घेऊन मीटर बघत फिरले. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकला होता. रोज पहाटे जादा पाणी पाइपातून थेट गटारात जात होतं, आणि सगळे झोपलेले. टँकर निम्म्यावर आले.

कृतज्ञतेच्या भरात आम्ही अप्पांना बिनविरोध सेक्रेटरी केलं. काकू एकट्या गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. प्रत्येक घराचा ओला कचरा रोज सकाळी साडेसातला दारात तोलला जाईल. त्याच सप्ताहात आणलेला किराणा आणि भाजी लिहून ठेवावी. फरक दहा टक्क्यांहून जास्त निघाल्यास खुलासा द्यावा. आज सकाळी बेल वाजली तेव्हा दारात काकू होत्या, हातात ताणकाटा.

"मत तुम्हीच दिलंत ना?" त्या म्हणाल्या. "आणा, बादली आणा."